बोपदेववाले फ्लँडर्सला जातात

रविवारी पहाटे बोपदेव घाट चढायचा आणि सासवडला मिसळ हाणून परत यायचं, असा नेम असलेल्या पुण्यातल्या कुठल्याही सायकल ग्रुपला एक खोड असते. जगातला कुठलाही चढ ऐकला की ‘बोपदेवपेक्षा जास्त आहे का?’ असं विचारायची. आम्ही सातजण त्यातलेच. सर्वांत धाकटी एकोणतीस वर्षांची, सर्वांत थोरले काका एकसष्ट वर्षांचे. यंदा मे महिन्यात आम्ही बोपदेवला सुट्टी दिली आणि बेल्जियममधल्या न्यूपोर्टपासून फ्रान्समधल्या आमियाँपर्यंत सायकली मारल्या. पाच दिवस, वाकडी वाट करत सुमारे ३०० किलोमीटर.

पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या चार वर्षांत, उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची खंदकांची रेघ ओढली गेली होती. तिचं हे समुद्राकडचं टोक. आणि माझं मत विचाराल तर हे युद्ध सायकलवरूनच बघावं. मोटारीने गेलात तर काच खाली करेपर्यंत एखादं रणांगण मागे पडलेलं असतं. १९१७ मध्ये पॅशनडेल गाव घ्यायला ब्रिटिशांकडच्या फौजांना शंभरएक दिवस लागले, आणि पुढे सरकले ते जेमतेम आठ किलोमीटर. आम्हाला त्याच आठ किलोमीटरना चाळीस मिनिटं लागली. त्यातली दहा मिनिटं काकांची बाटली रस्त्यात पडली म्हणून गेली.

नोटेवरचा नावाडी

न्यूपोर्टला कालव्यांची दारं आहेत. ऑक्टोबर १९१४ च्या शेवटी जर्मन फौज एझर नदी ओलांडून आली आणि बेल्जियमच्या हातात देशाचा एवढासा कोपरा उरला. तेव्हा हेंड्रिक गेरार्ट नावाच्या नावाड्याच्या माहितीच्या जोरावर भरतीच्या वेळी दारं उघडायची आणि ओहोटीला लावून घ्यायची, असं रात्रीमागून रात्री चाललं. समुद्र हळूहळू शेतात शिरला. जर्मनांना आधी वाटलं, पाऊस फार झाला. मग पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मोर्चा तिथेच थांबला, तो चार वर्षं.

पुढे १९५० मध्ये बेल्जियमने हजार फ्रँकच्या नोटेवर या गेरार्टचं चित्र छापलं. राजे-महाराजे नोटेवर येतातच. नाव वल्हवणारा माणूस फारसा येत नाही.

तेव्हा पाण्याला बांध म्हणून उपयोगी पडला तो न्यूपोर्ट ते डिक्समाउडे हा रेल्वेचा भराव. आता रूळ गेले, त्यावरून सायकलचा रस्ता आहे. डावीकडे पाण्याने भरलेलं रान होतं तिथे आता गाई. वारा मात्र समोरून. फ्लँडर्समध्ये वारा नेहमी समोरूनच येतो, तुम्ही दिशा बदललीत तरी.

तंबोलाचं तिकीट

इथे सायकलवाल्याला नकाशा लागत नाही. प्रत्येक तिठ्या-चौकाला नंबर. सकाळी निघताना कागदावर लिहून घ्यायचं: ४१, ४३, ८०, ७२... आणि चिठ्ठी हँडलला चिकटवायची. पुढचा नंबर दिसला की मागच्याने ओरडायचं. आमच्यातल्या वहिनी दर वेळी ‘जल्दी फाइव्ह!’ म्हणायच्या. ही युक्ती ह्यूगो बोलेन या कोळसा खाणीतल्या इंजिनीअरची. १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात पहिल्यांदा वापरली गेली. जमिनीखालच्या बोगद्यांमध्ये माणूस हरवू नये यासाठीचं डोकं जमिनीवर आलं, इतकंच.

खांबाला सायकल टेकवू नका

दुसऱ्या दिवशी पोलकापेलच्या अलीकडे माझी चेन उतरली. सायकल टेकवायला रस्त्याकडेचा सिमेंटचा विजेचा खांब बरा दिसला. या खांबांना मध्ये आरपार चौकोनी खोबणी असतात. मी वाकून चेन बसवत होतो, हात काळे झालेले, आणि डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, त्या खोबणीत काहीतरी उभं करून ठेवलेलं. जुन्या थर्मासएवढं. गंज इतका चढलेला की पापुद्रे सुटले होते, आणि बुडाला ओली माती, तिच्यात बटाट्याच्या रोपाचा तुकडा अडकलेला. म्हणजे त्याच सकाळी शेतातून निघालेलं. पलीकडे ट्रॅक्टरवरच्या शेतकऱ्याने हॉर्न दाबला आणि तळहात खाली करून दोनदा हलवला. आपल्याकडे बैलाला ‘हो, हो, हळू’ करतात तसा.

तो तोफेचा गोळा होता. १०० वर्षांपूर्वी पडलेला, न फुटलेला. नांगराच्या फाळाला लागला की शेतकरी तो उचलून खांबाच्या खोबणीत ठेवतात, फोन करतात, आणि पोलकापेलला तळ असलेलं बेल्जियन लष्कराचं बॉम्बनाशक पथक गाडी घेऊन येतं. दुधाच्या गाडीसारखी फेरी. याला तिकडे ‘लोखंडाचं पीक’ म्हणतात, आणि एकट्या बेल्जियममध्ये ते वर्षाला शंभरावर टन निघतं. काहींत अजून विषारी वायू असतो. चेन मी पुढच्या वळणावर, गवतात बसून लावली.

वायपर्स, प्लगस्ट्रीट आणि किर्की

ब्रिटिश सोल्जरांना इथली नावं म्हणता येईनात. ईपर या बेल्जियन गावाचं फ्रेंच स्पेलिंग वाचून त्यांनी केलं ‘वायपर्स’. प्लूगस्टेर्टचं ‘प्लगस्ट्रीट’, व्हाइट्स्खाटेचं ‘व्हाइट शीट’, फ्रान्समधल्या एताप्लचं ‘ईट ॲपल्स’, आणि सोम भागातल्या ओशाँव्हिलेर या चिखलाने भरलेल्या गावाचं चक्क ‘ओशन व्हिलाज’. फेब्रुवारी १९१६ मध्ये ईपरच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या छापखान्यावर त्यांनी स्वतःचं विनोदी वर्तमानपत्र काढलं, त्याचं नावही ‘वायपर्स टाइम्स’.

ज्यांनी आपल्या खडकीचं किर्की, शीवचं सायन आणि ठाण्याचं टाना केलं, त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हतीच. खडकी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

मांजरं खाली, बिगुल आठ वाजता

ईपरचा क्लॉथ हॉल म्हणजे लोकरीच्या कापडाचं प्रचंड गोदाम, १३०४ मध्ये पुरं झालेलं. कापडाला उंदीर लागतात म्हणून मांजरं पाळायचे. मांजरांची संख्या आटोक्याबाहेर गेली की वर्षातून एकदा घंटाघरावरून खाली टाकायचे. जिवंत. शेवटची अशी फेकाफेक १८१७ मध्ये झाली. आता तीन वर्षांतून एकदा मांजरांची मिरवणूक निघते आणि घंटाघरावरून मऊ खेळण्यातली मांजरं फेकतात. खाली झेलायला ही झुंबड.

महायुद्धात या हॉलचा भुगा झाला होता. चर्चिल यांना अख्खं गाव ढिगारा म्हणूनच जपायचं होतं. गावकऱ्यांनी नम्रपणे दुर्लक्ष केलं आणि गाव होतं तसंच्या तसं परत बांधलं. त्यामुळे ईपरमध्ये जे सातशे वर्षांपूर्वीचं दिसतं ते खरं म्हणजे आपल्या आजोबांच्या वयाचं आहे. हॉलचं काम संपलं १९६७ मध्ये.

मेनिन गेट या कमानीवर ५४ हजारांहून जास्त नावं आहेत, ज्यांची प्रेतं ओळखता आली नाहीत किंवा सापडलीच नाहीत अशा सैनिकांची. १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता इथे वाहतूक थांबते आणि बिगुल वाजतो. वाजवणारे परंपरेने गावच्या अग्निशमन दलातले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आले तेव्हा हा बिगुल इंग्लंडमध्ये ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत वाजत राहिला. ६ सप्टेंबर १९४४ ला पोलिश सैन्याने ईपर सोडवलं, त्याच संध्याकाळी तो पुन्हा गेटखाली वाजला. गावाच्या दुसऱ्या टोकाला अजून गोळीबार चालू होता.

आम्ही आठला दहा कमी असताना पोचलो. सायकलचे क्लीट लावलेले बूट त्या कमानीखाली टकटक वाजायला लागले तेव्हा आमच्या धाकटीने बूटच काढले आणि मोज्यांवर उभी राहिली. मग आम्ही सगळेच.

अडतीस वर्षं उशीर, एक गाय

ईपरच्या दक्षिणेला मेसिनची टेकाडं. टेकाडं कसली, त्यातल्या एकाचं नावच हिल ६०, कारण ते समुद्रसपाटीपासून ६० मीटर आहे. पर्वतीच्या पायथ्याशी ठेवलं तर ते दिसायचंही नाही. पण सपाट मुलखात जो दोन मजले वर, तो राजा. जर्मन वर, ब्रिटिश खाली.

म्हणून ब्रिटिशांनी खालून बोगदे खणले. मॅन्चेस्टरकडचे गटारं खोदणारे कामगार आणले. त्यांची पद्धत अशी की लाकडी फळीला तिरपं टेकून बसायचं आणि दोन्ही पायांनी फावडं मातीत रेटायचं. आवाज होत नाही. आम्हा पायडलवाल्यांना या लोकांविषयी लगेच आपुलकी वाटली. ७ जून १९१७ ला पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी १९ सुरुंग उडाले. धडाका लंडनपर्यंत ऐकू गेला म्हणतात. सगळ्यांत मोठ्या खड्ड्यांपैकी एकात आता कमळांचं तळं आहे.

पण तयार सुरुंग १९ पेक्षा जास्त होते. प्लगस्ट्रीटजवळचे काही लागले नाहीत म्हणून तसेच सोडले. त्यातला एक १७ जून १९५५ ला विजांच्या गडगडाटात आपोआप उडाला. अडतीस वर्षं उशिरा. बळी: एक गाय. आणखी एक, तब्बल २२ टनांचा, एका शेतघराच्या खाली अजून आहे. आम्ही त्या घराच्या फाटकासमोरून गेलो. दोरीवर चादरी वाळत होत्या, कुत्रा भुंकत होता. काका म्हणाले, “पायडल हळू मारा रे.”

बोपदेवपेक्षा जास्त आहे का?

हो. केमेलबर्ग ही टेकडी फक्त १५६ मीटर उंच आहे, पण एका ठिकाणी चढ २२ टक्क्यांच्या पुढे जातो आणि रस्ता दगडी. या दगडांना फ्लेमिश भाषेत ‘पोरांची डोकी’ म्हणतात. वरून गोल, मध्ये फट. गेन्ट–वेवेलगेम शर्यत याच्यावरून जाते. आमचे चौघे उतरून ढकलत वर गेले. मी त्या चौघांत होतो का ते विचारू नका. टेकडीवर एक फ्रेंच समाधी आहे: ५,२९४ सैनिक, त्यातले ओळखले गेलेले ५७.

खडकीचे सॅपर

बेल्जियमची हद्द ओलांडून फ्रान्समध्ये शिरलं की सपाट शेतांमध्ये न्यूव शापेल लागतं. चार रस्ते, एक चर्च, एक बेकरी. आणि गावाबाहेर रस्त्याला लागून एक गोल दगडी कठडा. लांबून बघितल्यावर वहिनींच्या तोंडून आलंच, “अगं बाई, हे सांची!” बरोबर होतं. हर्बर्ट बेकर या वास्तुकाराने भारतीय सैनिकांच्या या स्मारकाला सांचीच्या स्तूपासारखा जाळीदार कठडा दिला, दर्शनी बाजूला उंच खांब, त्यावर कमळ, आणि पायाशी दोन वाघ. नवी दिल्लीतलं जुनं संसद भवनही याच बेकरच्या आराखड्यावरचं. ७ ऑक्टोबर १९२७ ला स्मारकाचं उद्घाटन झालं. भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं, आणि खांबावरचा मजकूर चार लिप्यांत: इंग्रजी, अरबी, देवनागरी आणि गुरुमुखी.

भारतीय तुकड्या सप्टेंबर १९१४ मध्ये मार्सेलला उतरल्या, तेव्हा अंगात खाकी सुती. महिन्याभरात त्या या चिखलात होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव शापेल जर्मनांकडून परत घ्यायचा हुकूम निघाला. पायदळ कमी होतं, म्हणून ४७ व्या शीख पलटणीच्या जोडीला पाठवले गेले ३ ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या. हे ३ रे सॅपर म्हणजे खडकीचे. आजचे बॉम्बे सॅपर्स. मराठे, शीख, मुसलमान अशी मिसळ असलेली पलटण. काम खंदक खणायचं, पूल बांधायचं, तारा तोडायचं. त्या दिवशी त्यांनी संगिनी लावून उघड्या रानातून धाव घेतली, गावात शिरले, घराघरांतून लढत चौकापर्यंत पोचले. मागून कुमक आली नाही. परत फिरावं लागलं, आणि परतताना फार माणसं गेली. अधिकारी जवळपास सगळेच पडले.

आम्ही ते अंतर मोजलं. चौकातली बेकरी ते आपल्या लोकांनी जिथून धाव घेतली असावी ती शेतं: सायकलवर तीन मिनिटं.

भिंतीवर पलटणींप्रमाणे नावं लावलेली आहेत. सॅपर्सचा फलक आम्ही बोट फिरवत वाचला. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेली स्पेलिंगं, त्यामुळे एखादं नाव मोठ्याने म्हटल्याशिवाय मराठी आहे हे कळत नाही. काका मोठ्याने म्हणत होते. तिसऱ्या-चौथ्या नावाला त्यांचा आवाज बारीक झाला आणि त्यांनी चष्मा पुसायला काढला.

जवळच फेस्त्युबेर. तिथे पूना हॉर्सचे लेफ्टनंट फ्रँक द पास यांना २४ नोव्हेंबर १९१४ च्या कामगिरीसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घोडदळातला माणूस, पण लढला खंदकात, घोड्याविना.

सायकलवाल्यांचं युद्ध

पहिल्या महायुद्धात मेलेला पहिला ब्रिटिश सैनिक सायकलवर होता. जॉन पार, टेहळणीवर पाठवलेला, वय सतरा, २१ ऑगस्ट १९१४, माँसजवळ. सेंट सिम्फोरियनच्या दफनभूमीत त्याच्या बरोबर समोर, पाच-सात पावलांवर, जॉर्ज एलिसन पुरलेला आहे. तो युद्धाच्या शेवटच्या दिवशी मेला. कोणी ठरवून केलेलं नाही, योगायोग.

१९१४ ची टूर द फ्रान्स सुरू झाली २८ जूनला, म्हणजे साराजेव्होत आर्चड्यूकवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी. पुढची टूर सुरू झाली २९ जून १९१९ ला, व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात टूरचे तीन माजी विजेते गेले: पेती-ब्रेताँ, लापीझ आणि फाबेर. लक्झेंबर्गचा धिप्पाड फ्राँस्वा फाबेर ९ मे १९१५ ला आर्त्वामध्ये पडला, आमच्या तिसऱ्या दिवसाच्या वाटेवर. त्याच दिवशी मुलगी झाल्याची तार त्याच्या हातात पडली होती, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, नोत्र दाम द लोरेतच्या चढावर ती ऐकली की पायडल जड होतं.

पॅरिस–रूबे शर्यतीला ‘उत्तरेचा नरक’ म्हणतात. सगळे समजतात, दगडी रस्त्यांमुळे. तसं नाही. १९१९ मध्ये पत्रकार मार्ग बघायला गेले, तेव्हा झाडं नाहीत, घरं नाहीत, नुसते खड्डे आणि क्रूस. नाव तेव्हा पडलं. दगडांनी ते नंतर ढापलं.

आणि वेडेपणाचा कळस: युद्ध थांबून सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा ‘ल पती जुर्नाल’ या पॅरिसच्या वर्तमानपत्राने थेट रणांगणांवरून शर्यत काढली. २८ एप्रिल ते ११ मे १९१९, स्ट्रासबुर्ग ते स्ट्रासबुर्ग, सात टप्पे, सुमारे २,००० किलोमीटर. तिसरा टप्पा ब्रसेल्स ते आमियाँ, ३२३ किलोमीटर, पाऊस, वारा, गारा. रस्ते कुठे होते, कुठे नव्हते. पहिला आलेला शार्ल दरुइटर १८ तासांहून जास्त वेळ सायकलवर होता. पुढे अख्खी शर्यतही त्यानेच जिंकली. आम्ही जवळपास जेवढं अंतर पाच दिवसांत, वाफल खात, कापलं, तेवढं त्याने एका दिवसात, मोडक्या पुलांवरून.

उरलंसुरलं

व्हिमीच्या टेकडीवर गवत कापायला यंत्र लावत नाहीत, मेंढ्या सोडतात. खाली अजून न फुटलेले गोळे आहेत. तिएपव्हालचं ७२ हजार नावांचं स्मारक वास्तुकार लट्येन्सचं, आणि दिल्लीचं इंडिया गेटही त्याचंच. दोन्हींची कमान सख्खी वाटते. सोममध्ये १४ जुलै १९१६ ला डेक्कन हॉर्सने भाले घेऊन घोड्यांवरून हल्ला केला होता, मशीनगनच्या काळात. पॉपरिंगमधल्या टालबट हाउसमध्ये हुद्दा दाराबाहेर ठेवून आत जायचं असा नियम होता. डिसेंबर १९१५ मध्ये एका पाद्रीबाबांनी ते उघडलं, आणि आजही तिथे चहा मिळतो. चहा बरा आहे. फ्रेंच फ्राइज मात्र बेल्जियममध्येच खा, आणि त्यांना फ्रेंच म्हणू नका.

जायचंच असेल तर एप्रिल ते जून चांगला. पॉपी जूनच्या सुमारास फुलतात, नांगरलेल्या, उकरलेल्या मातीत जास्त, कारण बी उजेडात आल्याशिवाय रुजत नाही. टायर जाड लावा. खांबाच्या खोबणीतलं काहीही उचलू नका. आणि न्यूव शापेलला थांबाच. भिंतीत ब्राँझचं छोटं कपाट आहे, त्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही असते. आम्ही चाळली तेव्हा पंजाबीत लिहिलेलं पुष्कळ होतं, मराठीत त्या पानांवर काही नव्हतं. आम्ही सातजणांनी सात ओळी लिहिल्या. पेन आपलं न्या, तिथलं वाळलेलं होतं.